ढिले टापेट

चाळीस वर्षं कापसाच्या जिनात फिटर म्हणून काढली आणि एक नट कधी ढिला सोडला नाही, असा माणूस शनिवारी संध्याकाळी आपल्याच गाडीचे टापेट आपल्याच हातानं ढिले करत बसला, तर त्याला काय म्हणावं? पुंडलिकराव स्वतःला गाढव म्हणत होते. चांगलं मोठ्यानं म्हणत होते, आणि म्हणता म्हणता पेचकस फिरवत होते. मागल्या खेपेला दुसरा आणि पाचवा ढिला केला होता, म्हणून आज चौथा आणि सातवा. दर वेळी तेच दोन ढिले निघाले तर कोणालाही शंका येईल, एवढी अक्कल त्या गाढवाला होती.

टापेट म्हणजे काय ते ज्याला ठाऊक नाही त्याला सांगून टाकलेलं बरं. इंजिनाच्या डोक्यावर ओळीनं आठ व्हॉल्व्ह. प्रत्येकाला वरून दाबणारी एक छोटी दांडी. दांडी आणि व्हॉल्व्ह यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. फट वाढली की इंजिन टकटक वाजतं, कमी झाली की व्हॉल्व्ह जळतो. ती फट लोखंडाच्या पातळ पत्तीनं मोजायची आणि नेमकी ठेवायची, एवढंच काम. एकदा नीट बसवले की सहा महिने बघायला नको.

पण पुंडलिकरावांना सहा महिने थांबायचं नव्हतं. उद्या रविवार. उद्या सकाळी गाडी वाजली पाहिजे. वाजली तर शेजारच्या शकुबाई हँडल फिरवायला येतील, आणि नाही वाजली तर पुढले आठ दिवस त्यांच्याशी कोणी धड चार वाक्यं बोलणार नाही. सगळा मामला एवढाच होता.

गाडी कोणती म्हणाल, तर विलायती. दोन सीटची, उघडी, लांब नाकाची, पळण्यासाठीच बनवलेली. कापसाच्या कंपनीचा कोणी गोरा साहेब जाताना ती जिनाच्या गोदामात टाकून गेला होता. सत्तर साली गोदाम पाडलं, तेव्हा सरकीच्या पोत्यांखालून ती निघाली आणि पुंडलिकरावांनी ती बंडीवर घालून वर्धेजवळच्या बोरगाव मेघ्यात आपल्या घरी आणली. बैल लावून आणलेली स्पोर्ट कार पाहायला अख्खं गाव जमलं होतं. तीन वर्षं त्यांनी टिनाच्या शेडमध्ये तिच्यावर जीव टाकला. दाराखिडक्यांना मारतात तो हिरवा ऑइलपेंट ब्रशनं मारला. ती चालायला लागली तेव्हा रुख्माबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "येवढा जीव माह्यावर लावला असता तं मीबी पळाली असती."

त्या रुख्माबाईला जाऊन आता चार वर्षं झाली होती. मुलगी भागीरथा हिंगणघाटला दिलेली. ती पोळ्याला यायची, दिवाळीला यायची, घर झाडून-पुसून, बापाला दोन शब्द सुनावून परत जायची. मग पुन्हा तेच. सकाळी दूधवाल्याला "अर्धा" म्हणायचं, दुपारी भाजीवालीला "पावशेर" म्हणायचं. दिवसभरात तोंडातून निघालेले शब्द मोजले असते तर दहा भरले नसते. मध्ये तर असं झालं, की रेडिओवर बातम्या देणारा "नमस्कार" म्हणाला आणि पुंडलिकरावांनी "नमस्कार, नमस्कार" म्हणून त्याला हात जोडले. मग स्वतःशीच शरमले आणि रेडिओ बंद केला. बंद केल्यावर तर घर खायलाच उठलं.

शकुबाईंचं घर तुराट्यांच्या कुंपणापलीकडे. त्यांचे मालक लहानूजी ट्रक चालवायचे, नागपूर ते हैदराबाद. ते वारले त्याला दहा वर्षं होऊन गेली. मुलगा हरिदास जिल्हा परिषदेत क्लार्क, सून घरात. बाई पंचावन्नच्या, अंगानं काटक, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी म्हैस वळवावी. रुख्माबाईची आणि त्यांची चांगली गट्टी होती. ती गेल्यावर मात्र कुंपणाच्या अलीकडे यायला त्यांना काही कारण उरलं नव्हतं.

कारण फेब्रुवारीत मिळालं. त्या दिवशी पुंडलिकराव गाडी चालू करायला गेले आणि नाकात घालून फिरवायच्या हँडलनं उलटा झटका मारला. मनगट असं काही बडवलं गेलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. शकुबाई कुंपणावर धुणं टाकत होत्या.

"काऊन भाऊजी, हात काऊन झटकून राह्यले?"

"काही नाई वहिनी. गाडीनं लाथ मारली."

"मंग सोडा ना तिले आता. थे बी म्हातारी झाली, तुमी बी म्हातारे झाले."

"टापेट बसवायचे होते. पण हँडल फिरवाले कोणी तरी पाह्यजे."

हे मात्र खोटं होतं. प्लग काढून ठेवले की इंजिन एका हातानं फिरतं. एकटा माणूस हँडल फिरवतो, दोन पावलं चालून बाजूला येतो, पत्ती घालतो, पुन्हा जाऊन फिरवतो. रुख्माबाई गेल्यापासून ते तसंच करत होते. मनगट सुजलं होतं हे खरं, पण ते दोन दिवसांत उतरलं असतं. "कोणी तरी पाह्यजे" हे तोंडातून कसं निघालं, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

शकुबाईंनी ओला परकर कुंपणावर आपटला, पदर कमरेला खोचला आणि कुंपणाच्या फटीतून सरळ आत आल्या. "सांगा, कसं फिरवू?"

"जातं फिरवता तसं. हळू. मी थांबा म्हटलं का थांबा."

आणि मग नऊचा हिशोब सांगितला. आठ दांड्या, एक ते आठ. जी पूर्ण खाली दबली असेल, तिचा आकडा नवातून वजा करायचा. जो उरेल तो टापेट बसवायला मोकळा. आठ खाली तर एक बसवा. सहा खाली तर तीन. चार खाली तर पाच. शकुबाई दोन यत्ता शिकलेल्या. पण तिसऱ्या वेळी पुंडलिकराव म्हणायच्या आधीच त्या वाकून पाहून म्हणाल्या, "सात दबली. मंग दोन करा."

"बरोबर."

"एक दबली. आता आठ."

"बरोबर!"

"माह्या बाप्पा," त्या हसायला लागल्या, "दबते एक अन् काम होते दुसऱ्याचं. आमच्या घरात बी असंच हाये." आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या, की पुंडलिकरावांच्या हातातली पत्ती खाली पडली.

काम झाल्यावर त्यांनी चहा केला. साखर जास्त पडली, दूध उतू गेलं. शकुबाईंनी कपबशी हातात घेतली आणि बराच वेळ नुसती धरून बसल्या. मग म्हणाल्या, "साऱ्या जिंदगीत कोण्या माणसानं मले चहा करून नाई देल्ला. तुमचा पयला."

त्या रात्री पुंडलिकरावांना झोप लागली नाही असं नाही, उलट चार वर्षांत पहिल्यांदा गाढ लागली.

अडचण पुढच्या रविवारी आली. गाडी गोड चालत होती. दोन माणसांनी मिळून बसवलेले टापेट, ते काय आठ दिवसांत बिघडणार? त्यांनी इंजिनाला कान लावला, इकडून ऐकलं, तिकडून ऐकलं. जगात कोणता फिटर असा असेल, ज्याला आपल्या इंजिनाचा आवाज बरोबर आहे याचं वाईट वाटलं? त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. कुंपणापलीकडे शकुबाई सुनेवर ओरडत होत्या, कोंबड्या हाकत होत्या. सगळं ऐकू येत होतं आणि जाऊन बोलायला कारण नव्हतं. "काय चाललंय वहिनी" असं म्हणायला काय पैसे पडत होते? पण नाही. पुंडलिकरावांच्या पिढीच्या माणसाला बाईमाणसाशी बोलायला मध्ये एक काम लागतं. काम असलं की दोन तास बोलेल, काम नसलं की तोंडाला कुलूप.

म्हणून मग शनिवारी पेचकस हातात आला. तेव्हापासून एक रविवार आड हे नाटक सुरू झालं.

उन्हाळा वाढला तसं काम सकाळी सहाला सरकलं. शकुबाई अंगण झाडून यायच्या. "आज कोणता बोलून राह्यला?" म्हणत हँडल धरायच्या. फिरवता फिरवता गोष्टी सांगायच्या. लहानूजी हैदराबादहून बांगड्या आणायचे आणि वाटेत अर्ध्या फोडायचे. ट्रकचा आवाज त्या गल्लीच्या तोंडाहून ओळखायच्या आणि चुलीवर तवा टाकायच्या. पुंडलिकराव जिनातल्या गोष्टी सांगायचे, ज्या रुख्माबाईनं दहादा ऐकून "पुरे आता" म्हटलं होतं. शकुबाई "मंग?" म्हणायच्या. "मंग?" हा शब्द किती मोठा असतो, हे ज्याला चार वर्षं कोणी "मंग?" म्हटलेलं नाही त्यालाच कळतं.

टापेट बसले, चहा झाला, की पुंडलिकराव गाडी घेऊन जवळच्या सेलूपर्यंत एक चक्कर मारून यायचे. तेवढा त्यांचा शिरस्ता होता. शकुबाई फाटकापाशी उभ्या राहून गाडी वळेपर्यंत पाहायच्या. डावीकडची सीट रिकामी असायची. "बसता का?" असं विचारायला हवं, हे त्यांच्या मनात दर वेळी यायचं, आणि दर वेळी समोरच्या ओट्यावर तानाबाई सूप घेऊन बसलेली दिसायची. या तानाबाईच्या घरी रविवारी सकाळी पाखडायला एवढं धान्य कुठून येत होतं, देव जाणे. सूप हलत असायचं आणि मान मात्र शेडकडे.

तानाबाईचं पाखडलेलं हरिदासच्या कानावर गेलंच. मे महिन्यात एका संध्याकाळी तो आला. पोरगा सभ्य. चप्पल बाहेर काढून आत आला, बसला, पंख्याकडे पाहत बोलला.

"काका, आईचा खांदा दुखते आजकाल. तिले हँडल फिरवाले नोका बोलावत जाऊ. वर्धेत मिस्त्री हायेत ना. मी आणून देतो एखादा."

"नाई, नाई," पुंडलिकराव म्हणाले. "माह्या ध्यानातच नाई आलं. आता नाई बोलावत."

खांद्याचं खरं असेल असंही त्यांना वाटलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. एका म्हातारीला आपण फुकट राबवत होतो. त्या शनिवारी पेचकस पेटीतून निघाला नाही. पुढच्याही नाही. चार रविवार गेले. जून लागला. घरात पुन्हा तीच शांतता, आणि आता ती पहिल्यापेक्षा जड झाली होती, कारण आता तिच्यात काय नाही ते माहीत झालं होतं.

पाचव्या रविवारी ते गाडी चालू करून शेडमध्ये उभे होते. इंजिन असं सुरेख चालत होतं की साहेबाच्या काळातही चाललं नसेल. कुंपणाची फट खसखसली. शकुबाई.

"काऊन भाऊजी, महिना झाला. टापेट वाजून नाई राह्यले का?"

पुंडलिकरावांची भंबेरी उडाली. खरं सांगावं तर त्या परत जाणार. "वाजते ना," ते म्हणाले. "हे काय, ऐका. टकटक, टकटक."

शकुबाईंनी मान तिरकी केली. इंजिन लोण्यासारखं चाललं होतं. एक टक नाही, अर्धा टक नाही. त्यांनी चांगलं मिनिटभर ऐकलं.

"हो," त्या म्हणाल्या. "लय वाजते बाप्पा."

पुंडलिकरावांचा जीव भांड्यात पडला. बाईमाणसाला काय कळतं, असं त्यांना वाटलं. गाढव ते गाढवच! इंजिन गार होईपर्यंत दोघं चहा पीत बसले. मग प्लग काढले, झाकण काढलं. आठ खाली, एक बघा. सहा खाली, तीन बघा. पत्ती प्रत्येक फटीतून जशी जायला हवी तशीच जात होती. आठही टापेट आधीच बरोबर होते. दोघांनी मिळून आठही पुन्हा बरोबर केले. दोन तास लागले.

"खांदा कसा हाये, वहिनी?"

"कोणता खांदा?"

"हरिदास म्हणत होता."

"हरिदासले माहा खांदा कायचा मालूम," त्या म्हणाल्या आणि हँडल अर्धा वेढा जास्तच फिरवलं.

पावसाळा असा गेला, दसरा गेला. पुंडलिकराव दाढी रविवारीही करायला लागले. भागीरथा येऊन गेली तेव्हा म्हणाली, "बाबा, तुमी जाडे झाले." एकंदरीत बरं चाललं होतं, आणि बरं चाललं आहे हे कोणाजवळ बोलावं असंही कोणी नव्हतं.

दिवाळीच्या आधी हरिदासची बदली आली. त्या साली गडचिरोली नवा जिल्हा झाला होता, आणि नव्या जिल्ह्याला क्लार्क लागतात. बदली रद्द करायला त्यानं खटपट केली, झाली नाही. दिवाळी करून निघायचं ठरलं. पुंडलिकरावांना हे दूधवाल्याकडून कळलं. त्यांनी दूध घेतलं, भांडं ओट्यावर ठेवलं आणि तिथंच उभे राहिले. मांजरानं दूध पिऊन टाकलं तरी ते तिथंच.

दिवाळी झाल्यावरच्या रविवारी शकुबाई आल्या. त्या खेपेला पुंडलिकरावांनी पहिला, तिसरा, सहावा आणि आठवा असे चार ढिले केले होते. जेवढे जास्त ढिले तेवढा जास्त वेळ लागणार, असा हिशोब. दोघं फारसं बोलले नाहीत. आकडे तेवढे बोलले. शेवटचा नट आवळून झाला, तशा शकुबाई हँडलला टेकून उभ्या राहिल्या.

"भाऊजी, आज चार ढिले केले तुमी. हात नाई दुखला?"

पुंडलिकरावांच्या हातातला पाना तसाच राहिला.

"म्या ट्रकवाल्याची बायको हावो. शनिवारी सांजच्याले गाडी गोड वाजते अन् रविवारी सकाळी टकटक. एका राती टापेट ढिले होते का? दुसऱ्या खेपेलेच समजलं मले." त्या हसत होत्या, पण डोळे हसत नव्हते. "अन् प्लग काढले का इंजिन लेकरू फिरवते. माणूस लागत नाई. थे बी समजलं."

"वहिनी, मी..."

"लाजू नोका. मी येतच होतो ना?"

पुंडलिकरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जमीन दुभंगली असती तर गाडीसकट आत गेले असते. आणि त्याच वेळी छातीत असं काही भरून आलं, की एवढं सुख त्यांना लग्नाच्या दिवशीही झालं नव्हतं. ती जाणून येत होती! दर रविवारी, जाणून!

शकुबाईंनी पदरानं हात पुसले. "आता माहं ऐका. बेस्तरवारी निघा लागते. हरिदास म्हणते, आई, चाल. पण हे घर भाड्याचं नाई, माह्या मालकानं बांधलं हाये. मी नाई म्हटलं तं थो काही मले बांधून नाई नेत. मी राहू शकतो. पण कायच्यासाठी राहू? कोंबड्याईसाठी?"

पुंडलिकराव फडक्यानं पाना पुसायला लागले.

"मले गाडीत बसवा," शकुबाई म्हणाल्या. "आता. दिवसाढवळ्या. सेलूले जाऊ, चहा घेऊ, येऊ. ट्रकवाल्याची बायको असून म्या कधी समोरच्या सीटवर बसून नाई पाह्यलं. मालक म्हणे, बायको ट्रकमदी बसली का धंदा बसते. बसवता का?"

हे साधं गाडीत बसणं नव्हतं, हे दोघांना कळत होतं. बोरगाव मेघ्यातून, नाक्यावरून, बजाजवाडीच्या रस्त्यानं, उघड्या गाडीत, एका विधुराच्या बाजूला बसून विधवा बाई गेली, की मग ती परत येऊन "खांदा दुखतो" म्हणू शकत नाही. जे आहे ते सगळ्यांसमोर आहे, असं होतं. बाई त्याला तयार होती. पुंडलिकराव इतके दिवस समजत होते, की भीती तिला असेल, हरिदासची, लोकांची. म्हणून तर हे टापेटाचं नाटक तिच्यासाठी, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. आता त्यांनी समोर पाहिलं. तानाबाईचं सूप थांबलं होतं. पलीकडच्या घरचे बंडूजी दात घासत उभे होते. ब्रश तोंडात, हात थांबलेला. पुंडलिकरावांना भागीरथा दिसली, तिच्या सासरचे दिसले, जिनातले जुने सोबती दिसले, सगळे हसताना.

"आज नोको वहिनी," ते म्हणाले. "आज... पुढच्या चाकात हवा कमी हाये. पुढच्या रविवारी जाऊ. नक्की."

पुढचा रविवार निघायच्या गुरुवारच्या नंतर येतो, हे त्यांना बोलून झाल्यावर आठवलं.

शकुबाईंनी चाकाकडे पाहिलं. चाक टणक होतं. "बरं," त्या म्हणाल्या आणि हँडल काढून शेडच्या भिंतीला नीट उभं करून ठेवलं. चहाला थांबल्या नाहीत.

तीन दिवस पुंडलिकरावांनी स्वतःला जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या जिनातल्या हमालांनीही कधी ऐकल्या नसतील. कुंपणापलीकडे सामान बांधण्याचे आवाज येत होते. फट दिसत होती. एकदा ते तिथपर्यंत गेलेही. सून भांडी पोत्यात भरत होती, ती "काय काका?" म्हणाली, आणि ते "काही नाई, काही नाई" म्हणत परत आले. शकुबाई राहत्या घराला कुलूप लावून जात असल्याचं तानाबाईनं मुद्दाम ओट्यावरून ओरडून सांगितलं.

गुरुवारी सकाळी सामानाचा ट्रक गेला. त्यात हरिदास गेला. बाया एसटीनं निघाल्या. त्यांना स्टँडवर नेणारी रिक्षा वळून गेल्यावर पुंडलिकराव अर्धा तास दारात बसले. मग काय अंगात आलं कोण जाणे. उठले, धोतर आवळलं, टोपी घातली आणि गाडी काढली. नाक्यावर हॉर्न दिला, गरज नव्हती तरी दिला. भर बाजारातून नेली. लोक वळून पाहत होते आणि पाहिनात का! छाती पुढे काढून ते एसटी स्टँडवर पोचले आणि गडचिरोलीच्या वाटेवरच्या चंद्रपूरच्या गाडीच्या खिडकीखालीच त्यांनी आपली गाडी उभी केली. तिथं अशी गाडी उभी करायची नसते, पण कंट्रोलरही पाहतच राहिला.

शकुबाई खिडकीत होत्या. शेजारी सून. सारी एसटी वाकून पाहायला लागली.

"वहिनी," पुंडलिकराव म्हणाले. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "उतरा. चला. आपण सेलूले जाऊ."

शकुबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. आधी चेहरा खुलला, मग हळूहळू मिटला. "आता घराले कुलूप लागलं भाऊजी. तिकीट काढलं."

"मंग परत येजा. लवकर येजा."

"कायले येऊ?"

त्या खोचून विचारत नव्हत्या. खरंच विचारत होत्या. सुनेसमोर, चाळीस लोकांसमोर, खिडकीतून पुढे वाकून त्यांनी विचारलं, आणि उत्तरासाठी थांबल्या. कंडक्टरनं दार ओढलं. पुंडलिकरावांना उत्तर माहीत होतं. साधं, तीन-चार शब्दांचं उत्तर होतं. ते घशापर्यंत आलं, आणि आयुष्यभराची सवय आडवी आली.

"टापेट..." ते म्हणाले. "टापेट पुन्हा ढिले होतीन ना."

शकुबाईंनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच त्या थोड्या हसल्या. "थे तुमाले एकट्याले जमते," त्या म्हणाल्या. "तब्येतीले जपजा." घंटी वाजली आणि चंद्रपूरची गाडी धूळ उडवत निघून गेली.

पुंडलिकराव तिथंच उभे राहिले. गाडीभोवती दहा-बारा माणसं गोळा झाली. कोणी बॉनेटवरून हात फिरवला, कोणी वाकून चाकं पाहिली, कोणी एव्हरेज विचारलं. पवनारकडचा एक शेतकरी, खांद्यावर पंचा, दोन्ही सीटांकडे बोट करून म्हणाला, "अन् हे दोनच सीटा? घरचे लोक कुठं बसवता भाऊ?"

"घरी कोणी नाई," पुंडलिकराव म्हणाले. "मी एकटाच हावो. लय एकटा हावो."

त्या अनोळखी माणसानं पंचा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकला. चार वर्षांत हे शब्द पुंडलिकरावांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले होते. दहा मिनिटं आधी, त्याच जागी उभं राहून, एवढंच सांगायचं होतं.